केतकरात पाह्य

आमच्या घरी केतकर आडनावाचं कोणी नव्हतं. नात्यात नाही, शेजारात नाही. तरी दिवसातून दोन-तीनदा हे नाव निघायचंच. "केतकर ओसरीतच राह्यले, झड येऊन राह्यली, उचला त्यांना." "केतकरावर चहाची बशी कोणी ठेवली?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "मला काय विचारतेस? केतकरात पाह्य."

केतकर नावाचा माणूस होता हे मला सात-आठ वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. केतकर म्हणजे मधल्या खोलीतल्या काचेच्या कपाटातली जाड पुस्तकं. गाय म्हटलं की चार पाय आणि शेपूट, तसं केतकर म्हटलं की बारीक टाइप, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि दोन्ही हातांनी उचलायचं ओझं. आजीला वाचनाशी देणंघेणं नव्हतं, पण त्यातला एक खंड ती साईच्या भांड्यावर ठेवायची. मांजरीची ताकद 'म'च्या खंडापुढे चालत नाही असं तिचं निरीक्षण होतं. आबाजी दिसताच तो खंड पदराने पुसून जागेवर जायचा.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, अचलपूरला शाळामास्तर. ती जाड पुस्तकं म्हणजे केतकरांनी काढलेला मराठी ज्ञानकोश, आणि त्याचे ते वर्गणीदार होते. १९२० ते १९२९ या नऊ वर्षांत २३ खंड निघाले, आणि त्या काळात घरात जे काही घडलं ते आजीने त्या खंडांच्या हिशेबात लक्षात ठेवलं होतं. मोठे काका 'ग'चे. मधली आत्या, जी लहानपणीच गेली, ती 'ब'ची. "तुझा बाप त सूची आल्यावर झाला, म्हणून तो कुठंच सापडत नाही," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. मास्तरच्या पगारातून वर्गणी जायची म्हणजे कुठून जायची, ते तिला ठाऊक होतं. त्याबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. फक्त मांजरीचं बोलायची.

पुढे माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं. पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मी पुस्तकं दिली, घेतली, हरवलेली शोधली, कधीच न सापडणारी निर्लेखित केली. कोश हा माझ्या कामाचाच भाग होता. म्हणून केतकरांबद्दल आज लिहिताना मला दोन आवाज सांभाळावे लागतायत. एक कपाटासमोर फतकल मारून बसलेल्या पोरीचा आणि दुसरा त्या बाईचा, जिला ठाऊक आहे की कोश वापरायचा असतो, त्याच्यावर जीव लावायचा नसतो.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीला झाली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. आबाजींना याचा कोण अभिमान! जणू त्यांनीच त्यांना बाराखडी शिकवली होती. मग मुंबईला कॉलेज, पण पदवी नाही. १९०६ साली गडी अमेरिकेला गेला आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. मुंबईला जमली नाही ती पदवी कॉर्नेलच्या गावी, इथाकाला जमली, यात केतकरांचा जितका स्वभाव आहे तितकाच मुंबई विद्यापीठाचाही असावा. लंडनमार्गे १९१२ मध्ये परत आले. नोकरी करावी, डॉक्टर म्हणून मिरवावं, इंग्रजीत दोन-चार पुस्तकं लिहावीत, असा सरळ रस्ता होता. त्यांनी काय केलं, तर नागपुरात एक मर्यादित कंपनी काढली. कापसाची नाही, जिनिंगची नाही. ज्ञानकोशाची.

या कंपनीचं मला अजून नवल वाटतं. आपल्याकडे विद्येला आश्रय हवा असायचा. राजाचा, नाहीतर शेठजीचा, नाहीतर मठाचा. केतकरांनी सरळ भाग विकायला काढले. गावोगाव फिरायचं, वकील, मास्तर, मामलेदार, सावकार यांना गाठायचं, ज्ञानकोश म्हणजे काय ते समजावून सांगायचं आणि वर्गणीदार करून घ्यायचं. ज्याला ब्रिटानिकासारखा इंग्रजी कोश परवडत नाही आणि परवडला तरी वाचता येत नाही, त्या माणसाला त्याच्याच भाषेत जग विकत घ्यायला लावायचं. पुढे काम पुण्याला हललं. या सगळ्या उद्योगाची हकिकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहिली आहे. नाव वाचलं की वाटतं, ऋषीने बारा वर्षांच्या तपाचा जमाखर्च मांडलाय.

त्यांच्याबरोबर खपलेल्या माणसांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे होते. ज्ञानकोश संपल्यावरही या दोघांची कोशाची खोड गेली नाही. महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघू लागले ते त्यांच्याच हातून. दाते-कर्वे म्हटलं की आजही मराठीतला एखादा अडलेला शब्द सुटतो. एका कार्यालयात कोशकारांची अख्खी पिढी तयार झाली, ती अशी.

पण कंपनी वगैरे मला पुढे कळलं. लहानपणी कळली ती पहिल्या पाच खंडांची गंमत.

कोश म्हटला की 'अ'पासून सुरू व्हायला हवा. केतकरांचा होत नाही. आधी पाच खंड नुसती प्रस्तावना! पाच खंड! पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि आधी पाच तास यजमानाच्या घराण्याचा इतिहास ऐकवावा, त्यातला प्रकार. पहिल्याचं नाव 'हिंदुस्थान आणि जग', दुसऱ्याचं 'वेदविद्या', मग 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि पाचवा 'विज्ञानेतिहास'. सहाव्या खंडापासून 'अ'.

ही नावं मी कित्येक वर्षं नुसती पाठीवरची सोनेरी अक्षरं म्हणून पाहिली होती. एकदा वर्गीकरणाच्या कामात बुडाले असताना, म्हणजे इसवी सनापूर्वी आणि इसवी सनानंतर असल्या खणांत पुस्तकं बसवत असताना, डोक्यात उजेड पडला. केतकरांनी जगाच्या इतिहासाचे दोन भाग पाडले, पण ते ख्रिस्ताच्या जन्मापाशी नाहीत. बुद्धापाशी. ग्रीस, रोम, चीन, इराण सगळे त्याच दोन खणांत बसवले. ब्रिटानिकाची सुप्रसिद्ध अकरावी आवृत्ती १९१०-११ साली निघाली, २९ खंडांची, केतकर पश्चिमेकडे होते त्याच दिवसांत. तिच्यासारखं काहीतरी मराठीत करावं हा विचार कोणाच्याही मनात आला असता. पण जग कुठून बघायचं, खुर्ची कुठे ठेवायची, हा प्रश्न आधी सोडवायचा आणि त्यासाठी पाच खंड खर्ची घालायचे, हे डोकं वेगळं. आणि त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. 'हिंदुस्थान आणि जग' वाचताना आजही मधेच पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. माणूस ठासून बोलतो. हिंदू समाजाचं काय चुकलं, काय करायला हवं, इतरांनी काय करू नये, सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे तयार. कोशकाराने असं बोलायचं नसतं, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत असे.

त्या वेळी दुसरं उदाहरण म्हणून मी मराठी विश्वकोश पुढे ठेवायची. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९६० साली, राज्याने साहित्य आणि संस्कृतीसाठी मंडळ नेमलं. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, काम वाईला. पहिला खंड १९७६ चा. नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांच्या, भाषा मोजून-मापून, परिभाषा ठरवून घेतलेली. ग्रंथपाल म्हणून मला विचाराल तर मी विश्वकोशच हातात देईन. तरी खरं सांगते, विश्वकोशात चूक सापडली की चूक सापडते. केतकरात चूक सापडली की केतकर सापडतात.

आता जातीचं.

कॉर्नेलला केतकरांनी अभ्यास केला तो जातिसंस्थेचा. मनुस्मृतीवरून त्या काळचा समाज कसा दिसतो हे तपासणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये इथाकालाच छापलं गेलं. त्यात त्यांनी जातीची व्याख्या केली आहे. जात म्हणजे असा गट, ज्यात फक्त त्या गटातल्यांच्या पोटी जन्मलेल्यांनाच, आणि जन्मलेल्या सगळ्यांनाच, जागा असते. आणि दुसरं म्हणजे, ज्याच्या माणसांना गटाबाहेर लग्न करायला समाजाचा कडक, न टळणारा नियम बंदी करतो. बस्स, दोन लक्षणं. विटाळ नाही, व्यवसाय नाही, रोटीव्यवहार नाही. सगळा पाला काढून टाकून नुसतं देठ ठेवलेलं.

ही व्याख्या मी पहिल्यांदा केतकरांच्या पुस्तकात वाचली नाही. आंबेडकरांच्या निबंधात वाचली.

९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी 'भारतातील जाती' या विषयावर निबंध वाचतो. आधी तो परदेशी पंडितांच्या व्याख्या एकेक करून बाजूला ठेवतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ली. मग केतकरांपाशी थांबतो. म्हणतो, हे गृहस्थ हिंदुस्थानातलेच आहेत, शिवाय त्यांनी चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने जातीकडे पाहिलं आहे, म्हणून यांची व्याख्या विचारात घ्यायला हवी. आणि विचारात घेतो म्हणजे कशी, तर उकलून. तुम्ही दोन लक्षणं सांगता, पण ती दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नाला बंदी केली की आत जन्मलेल्यांखेरीज दुसरं कोण येणार? पहिलं लक्षण दुसऱ्यात आहेच. म्हणजे मूळ गोष्ट एकच, गटातल्या गटात लग्न. तिथून पुढे सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्यांची त्या एका गोष्टीशी त्यांनी जी सांगड घातली, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत उभ्याने वाचत होते आणि दुपारची घंटा झालेली मला कळली नाही.

मग मी वयं मोजली. मला तशी सवय आहे, कार्डावर जन्मसाल लिहून लिहून लागलेली. केतकरांचं पुस्तक आलं तेव्हा ते २५ वर्षांचे. आंबेडकरांनी निबंध वाचला तेव्हा तेही २५ वर्षांचे. दोघेही न्यूयॉर्क राज्यातच, सात वर्षांच्या अंतराने. एक जात समजून घेऊ पाहणारा चित्पावन ब्राह्मण आणि दुसरा जात काय असते ते कोणी समजावून द्यायची गरज नसलेला महार सुभेदाराचा मुलगा. आणि दोघांत जे घडलं ते भांडण नाही, शिवी नाही, जयजयकारही नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्याची व्याख्या नीट वाचली, तिचं योग्य ते मोल केलं आणि ती एका पायरीने पुढे नेली. आपल्याकडे पुतळे झालेली माणसं एकमेकांना वाचत होती, हे आपण विसरतो. आबाजींच्या कपाटात केतकर होते, आंबेडकर नव्हते. मला माझ्या केतकरांची ओळख आंबेडकरांनी करून दिली.

त्यानंतर दुसरा एक धागा सापडला, तोही कार्डावर.

मॉरिस विंटरनिट्झ या प्राग शहरातल्या विद्वानाचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमध्ये आहे. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना तो इंग्रजीतून लागतो. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ ला आणि दुसरा १९३३ ला काढला. आमच्या ग्रंथालयात दोन्ही होते आणि त्यांची कार्डं मी स्वतः नव्याने लिहिली होती. लेखक विंटरनिट्झ, भाषांतर मिसेस एस. केतकर. किती वर्षं मी ते नाव लिहिलं, वाचलं, विद्यार्थ्यांना सांगितलं! कोण ही बाई, असा प्रश्न एकदाही पडला नाही. आडनाव केतकर, म्हणजे असेल कोणी पुण्याची.

ती पुण्याची झाली होती, हे खरं. मूळची ती ईडिथ कोहन. जर्मन ज्यू घराण्यातली. केतकरांची आणि तिची भेट लंडनची. १९१२ ला ते परतले, ती आली १९२० मध्ये. मधे आठ वर्षं, समुद्र आणि एक महायुद्ध. आणि आल्यावर लग्न झालं ते नोंदणी कचेरीत नाही. केतकरांनी वेदवाङ्मयातून व्रात्यस्तोम शोधून काढला. जे वैदिक समाजाच्या बाहेर आहेत त्यांना आत घेण्यासाठी ब्राह्मणग्रंथांत सांगितलेला तो विधी. तो करून ईडिथची शीलवती झाली आणि मग विवाह झाला. ज्या साली ज्ञानकोशाचा पहिला खंड बाहेर आला त्याच साली.

मी याचा बराच विचार केला आहे. जातीबाहेर लग्नाला बंदी म्हणजे जात, असं ज्याने इंग्रजीत छापून ठेवलं, त्याने स्वतः ती बंदी मोडली. पण मोडताना भिंत पाडली नाही, भिंतीत एक जुनं दार होतं ते शोधून काढलं. हजारो वर्षांची माती झटकली, कडी काढली आणि बायकोला आत घेतलं. याला धाडस म्हणायचं की हिशेब? आंबेडकर म्हणाले असते, दार आहे म्हणजे भिंत मान्य आहे. मला दोन्ही पटतं. आणि शीलवतीबाईंना काय वाटलं असेल? परक्या देशात, परक्या भाषेत, नवऱ्याच्या डोक्यावर कोशाचं कर्ज, आणि ही बाई बसून जर्मनमधून इंग्रजीत हिंदुस्थानच्या वाङ्मयाचा इतिहास उतरवते आहे. पुढे त्यांनी नवऱ्याविषयी आणि आपल्या संसाराविषयी लिहिलं त्या पुस्तकाचं नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. माझ्या मते मराठी आत्मपर लेखनात इतकं ठाम नाव दुसरं नाही.

आता घरी येते.

आमची धाकटी आत्या १९३८ ची. नागपूरला शिकली, तिथेच शाळेत लागली आणि १९६३ मध्ये बरोबरच्या एका शिक्षकाशी तिने लग्न ठरवलं. जात वेगळी. आबाजी नाही म्हणाले. ओरडले नाहीत, ते ओरडणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी इतकंच सांगितलं की हे घर तुला बंद. ज्या माणसाने मास्तरकीच्या पगारातून २३ खंड जगाचं ज्ञान विकत घेतलं, त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं. मी तेव्हा नव्हते, माझा जन्म पुढच्या वर्षीचा. पण आईने हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितलाय की मी तिथे असल्यासारखा तो मला दिसतो. आत्या पिशवी घेऊन ओसरीवर उभी. आबाजी झोपाळ्यावर, तोंड फिरवून. आणि आजी, जिने केतकर फक्त साईच्या भांड्यावर ठेवले, ती मधल्या खोलीच्या दारातून म्हणाली,

"केतकरात पाह्यलं का? त्यायनं त सातासमुद्रापल्याडची आणली. तिले शीलवती केली. तुमाले आपल्या पोरीसाठी नागपूर दूर होऊन राह्यलं."

आजीला हे कुठून कळलं होतं? आबाजींनीच कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार, आमच्या अमरावतीच्या शाळेत शिकलेला केतकर म्हणून. कौतुक दुसऱ्याच्या घरचं होतं तोवर सोपं होतं. आबाजींनी उत्तर दिलं नाही. आत्या गेली.

केतकरांच्या कादंबऱ्या मी वाचल्या त्या या प्रसंगाच्या उजेडात, म्हणजे माझ्या चाळिशीत. त्याआधी दोनदा सुरू करून सोडल्या होत्या. खरंच सोडाव्यात अशाच आहेत त्या. वाक्य कुठे सुरू होतं, कुठे वळतं, क्रियापद कधी भेटतं, काही भरवसा नाही. पात्रं चहा पितापिता समाजशास्त्रावर पानंच्या पानं बोलतात. प्रेमात पडलेला माणूसही आधी प्रेमाची व्याख्या करून घेतो. दुर्गा भागवतांनी 'केतकरी कादंबरी' हे पुस्तक लिहून त्यांची बाजू घेतली नसती, तर मी 'ब्राह्मणकन्या' तिसऱ्यांदा उघडली नसती. दुर्गाबाईंना जे आवडतं ते एकदा तरी निमूटपणे वाचावं, असा माझा नियम आहे.

'ब्राह्मणकन्या' १९३० ची. नायिका कालिंदी डग्गे. बाप ब्राह्मण, आईच्या कुळावर समाजाचा डाग, म्हणून ही मुलगी धड ब्राह्मणही नाही आणि दुसरं काही नाही. लग्नाच्या बाजारात तिची किंमत काय, हे तिला पुरतं कळलेलं आहे. ती शिवशरणाप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहते, तिला मूल होतं, तो तिला सोडतो. पुढे ती कामगारांत काम करणाऱ्या रामरावांबरोबर संसार मांडते. हे १९३० साली! आणि केतकर तिला मारत नाहीत, वेडी करत नाहीत, विहिरीत ढकलत नाहीत, काशीलाही पाठवत नाहीत. ते तिच्याबद्दल वाद घालतात. त्या कादंबरीत वैजनाथशास्त्री धुळेकर नावाचा एक माणूस आहे, जो चक्क नवी स्मृती लिहितो. जुनी स्मृती चालत नाही तर रडत कशाला बसता, नवी लिहा! पुन्हा तेच. भिंतीतलं दार. दार नसेल तर दार कसं बसवायचं त्याचा आराखडा.

कालिंदीचं वाचताना मला सारखी आत्या दिसत होती, जरी आत्याचा संसार उत्तम चालला होता आणि तिच्यावर कोणी कादंबरी लिहावी असं काही तिच्या आयुष्यात नव्हतं. केतकरांच्या व्याख्येप्रमाणे जन्म हीच आत जायची एकमेव वाट आणि बाहेर लग्न ही बाहेर पडायची. मग बाहेर पडलेलं माणूस जातं कुठे? व्याख्येत त्याला जागा नव्हती. म्हणून कदाचित केतकरांना कादंबरी लिहावी लागली.

शेवटची वर्षं ओढगस्तीचीच गेली. ज्ञानकोश पुरा झाला तसा उत्पन्नाचा झराही आटला. गुजराती ज्ञानकोशाचा घाट घातला होता, तो मराठीसारखा तडीस गेला नाही. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण मानाने घर चालत नाही. 'प्राचीन महाराष्ट्र' हाती घेतलं. १० एप्रिल १९३७ ला पुण्यात गेले, त्रेपन्न वर्षांचे. नावामागे 'ज्ञानकोशकार' ही पदवी कायमची चिकटली.

कपाट आता माझ्या पुण्याच्या घरी आहे. बसवायला जागा नव्हती म्हणून जेवणाचं टेबल काढलं. ज्ञानकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो आणला आहे, आणि भाच्याने हे मला दोनदा समजावूनही सांगितलं. त्याला मी 'ए'चा खंड काढून दाखवला.

'ए'मध्ये एलिचपूर आहे. आमचं अचलपूर पूर्वी एलिचपूर म्हणून ओळखलं जायचं, एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. नोंदीच्या मथळ्याशेजारी आबाजींनी पेन्सिलीने बारीक 'अचलपूर' लिहिलं आहे. आणि केतकरांनी दिलेल्या जुन्या खानेसुमारीच्या लोकसंख्येसमोर, समासात, खाली खाली उतरत गेलेली एक ओळ आहे. १९३१ आणि पुढे आकडा. १९४१ आणि आकडा. १९५१. १९६१. मास्तरांचं अक्षर, टपोरं, मोत्यासारखं, दर दहा वर्षांनी थोडं मोठं होत गेलेलं. त्यांना मोतीबिंदू झाला होता.

१९७१ चा आकडा त्यांच्या अक्षरात नाही. तिरका, घाईचा, शाळेतल्या फळ्यावर लिहावा तसा आहे. हे अक्षर मी ओळखते. दर दिवाळीला नागपूरहून येणाऱ्या पाकिटावर तेच असायचं. आबाजी १९७४ ला गेले. म्हणजे मधे कधीतरी, कोणीही मला न सांगितलेल्या एका दुपारी, आत्या त्या मधल्या खोलीत बसली होती, मांडीवर 'ए' घेऊन, आणि आबाजी झोपाळ्यावरून आकडा सांगत होते.

१९८१ आणि १९९१ तिचेच. २००१ आणि २०११ माझे.

त्याखाली मी २०२१ लिहून ठेवलं होतं, पुढची जागा सोडून. ती जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच. परवा आत्याचा फोन आला. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, कान गेलेत, आवाज तसाच फळ्यासमोरचा.

"लिहिला का आकडा?"

म्हटलं, मोजलंच नाही अजून आत्या, आता व्हायची आहे म्हणतात. आणि या वेळी सगळ्यांची जातही विचारणार आहेत, जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदा.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"मग मी कोणती सांगू?" ती म्हणाली. "आबाजींची का यांची?"

"केतकरात पाहून सांगते."

"पाह्य," आत्या म्हणाली. "अन् पेन्सिलनंच लिहिजो."